दयेचा हिशेब

आमच्या घरी मोती नावाचा एक कुत्रा आहे. तेरा वर्षांपूर्वी, पावसाळ्यातील एका संध्याकाळी, मंडईमागच्या गटाराच्या काठी तो भिजून कुडकुडत पडलेला सापडला. तेव्हा तो एका ओंजळीत मावत होता. चार दिवस ठेवून घेऊ आणि मग कोणा चांगल्या माणसाच्या हवाली करू, अशा विचाराने त्याला घरी आणले. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

पूर्वी मी रस्त्याच्या कोपऱ्यावर वळलो, की माझ्या पावलांची चाहूल लागून तो फाटकाशी येऊन उभा राही. आता मी फाटक उघडतो, वहाणा काढतो, त्याच्या शेजारी जाऊन बसतो, तरी त्याला पत्ता नसतो. हात नाकाजवळ नेला म्हणजे तो वास घेतो आणि त्याची शेपटी दोन वेळा जमिनीवर आपटते. त्याला ऐकू येत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे. मागच्या पायांचे सांधे धरले आहेत, आणि दोन वर्षांपासून त्याची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत चालली आहेत.

याच घराच्या मागच्या पडवीत गेली काही वर्षे आणखी एक राबता चालू असतो. रस्त्यावर सापडलेली, आईपासून तुटलेली, वाहनाखाली सापडून पाय मोडलेली कुत्र्याची पिल्ले काही आठवडे आमच्याकडे राहतात. त्यांना खाऊपिऊ घालावे, जंतांचे औषध द्यावे, लशी टोचून घ्याव्यात, माणसांची सवय लावावी आणि कायमचे घर मिळाले म्हणजे त्यांना निरोप द्यावा, एवढेच आमचे काम. याला हल्ली 'फॉस्टर करणे' असे म्हणतात. आपण साध्या भाषेत तात्पुरता सांभाळ म्हणू. एकाच छपराखाली एक जीव आयुष्याच्या शेवटच्या पायरीवर उभा आहे आणि दुसरे पहिली पायरी चढत आहेत. दोघांनाही माणसाच्या हाताची गरज आहे. मात्र माणसाचे हात दोनच असतात आणि त्याचा दिवस चोवीस तासांचाच असतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की या दोघांत पहिला हक्क कोणाचा?

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. गणित हा त्यांचा आवडता विषय. एकदा मोतीच्या औषधांची पुडकी माझ्या हातात पाहून ते म्हणाले, "या म्हाताऱ्या कुत्र्याच्या औषधपाण्यावर तुम्ही महिन्याला जेवढा पैसा घालवता, तेवढ्यात किती पिल्लांना लस टोचून होईल, याचा हिशेब कधी केला आहे का? हा फार तर वर्षभराचा सोबती. त्या पिल्लांपुढे सारे आयुष्य पडले आहे." माझ्या थोरल्या बहिणीचे मत नेमके याच्या उलट. ती म्हणते, "घरात आजारी जनावर असताना बाहेरची ब्याद कशाला गोळा करतोस? आधी घरचे बघ. गावाची काळजी वाहायला गाव समर्थ आहे."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांच्याही मनात वाईट काही नाही. तथापि, मला दोन्ही मते अपुरी वाटतात. ज्याला आपण एकदा आपले म्हटले, त्या म्हाताऱ्या जिवाचा हक्क पहिला. तो पुरता फेडून जे काही उरेल, मग ते थोडे का असेना, ते बाहेरच्यांचे. हा क्रम सांभाळला तर दोन्ही कर्तव्ये एका घरात नांदू शकतात. तो उलटा झाला, म्हणजे दोन्हींची हानी होते. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. क्रम उलटा केल्याचे फळ मी स्वतः चाखले आहे.

म्हातारपणाची सेवा म्हणजे काय, हे ज्याने ती केली नाही त्याला सहसा कळत नाही. तीत पराक्रम मुळीच नसतो, सगळी नियमितता असते. मूत्रपिंडे दुबळी झाली म्हणजे शरीरातील पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी होते. मग कुत्रा पुष्कळ पाणी पितो आणि वारंवार लघवी करतो, रात्रीसुद्धा. म्हणून त्याच्यापाशी पाण्याचे भांडे सदैव भरलेले असावे लागते, आणि त्याला रात्री एकदोनदा उचलून अंगणात न्यावे लागते. कधी वेळेवर जाग येत नाही. मग सतरंजी ओली होते आणि तो मान खाली घालून कोपऱ्यात उभा राहतो. अशा वेळी त्याच्यावर ओरडणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला तापाबद्दल दोष देण्यासारखे होय. सतरंजी धुऊन वाळत टाकावी, त्याचे अंग पुसावे आणि काही घडलेच नाही अशा रीतीने झोपी जावे.

त्याच्या आहारात स्फुरद कमी असावे लागते, म्हणून हाडे बंद झाली. एके काळी हाडासाठी तो किती आर्जवे करी! पशुवैद्यांनी शिकविल्याप्रमाणे एक दिवसाआड त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून तिच्याखाली सुईने सलाईन सोडावे लागते. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात, म्हणून त्याच्या वाटेवर आम्ही गोणपाट अंथरले आहे. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून घरातील खुर्ची हलवायची झाली तर चारदा विचार करावा लागतो. आंधळ्याने मनात जो नकाशा जपलेला असतो, तो आपण विनाकारण बिघडवू नये. सांध्यांच्या वेदनेवर माणसांची गोळी मात्र चुकूनही द्यावयाची नसते. आपल्याला गुण देणारी कित्येक वेदनाशामक औषधे कुत्र्याला विषासमान असतात आणि दुबळ्या मूत्रपिंडांना तर ती अधिकच बाधतात. हे सर्व आज केले, म्हणून उद्या सुटका नसते. ते रोज, त्याच वेळी, त्याच हातांनी करावे लागते.

आता माझ्या चुकीची हकीकत सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात, मुसळधार पावसात, एका पुलाखाली दोन पिल्ले सापडल्याची बातमी रात्री आली. मी धावत गेलो आणि त्यांना घेऊन आलो. पडवीत पाणी शिरले होते, म्हणून त्यांना सरळ स्वयंपाकघरातच ठेवले. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू ओकू लागले. चौथ्या दिवशी दोघांनाही रक्ताचे जुलाब सुरू झाले. तो पार्व्हो नावाचा रोग होता. लस न टोचलेल्या पिल्लांना तो झपाट्याने मारतो. त्याचे विषाणू रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीत कित्येक महिने टिकून राहू शकतात. साध्या साबणपाण्याला ते दाद देत नाहीत. त्यानंतरचे पाच दिवस आमच्या घरात दिवसरात्र एकच धावपळ चालली होती. दवाखाना, सलाईन, पुसणे, धुणे, पुन्हा दवाखाना. एक पिल्लू गेले, एक वाचले.

मोतीला दरवर्षी लस टोचलेली असल्यामुळे त्या रोगाची बाधा त्याला झाली नाही. आम्ही मनात म्हटले, देवाची कृपा! परंतु सहाव्या दिवशी सकाळी मी त्याच्याजवळ गेलो, तेव्हा तो उठेना. त्याचे पाण्याचे भांडे कोरडे ठणठणीत होते. ते केव्हापासून रिकामे होते, हे घरात कोणालाच सांगता येईना. त्याचे सलाईन दोनदा चुकले होते. तो काय खातो आणि काय टाकतो, याकडे कोणाचे लक्ष नव्हते. पिल्ले किंचाळत होती, म्हणून सारे घर त्यांच्याकडे धावत होते. मोतीने तक्रार केली नाही, म्हणून त्याच्याकडे कोणीच पाहिले नाही. तीन दिवस त्याला दवाखान्यात शिरेतून सलाईन द्यावे लागले. तो वाचला खरा, परंतु त्याच्या मूत्रपिंडांची जी शक्ती त्या आठवड्यात खर्ची पडली, ती परत आली नाही.

पशुवैद्यांनी मला दोष दिला नाही. त्यांनी फक्त विचारले, "त्याने पाणी पिणे कधी सोडले?" आणि मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न अजून माझ्या कानांत आहे. रोग पुलाखालून आला होता, हे खरे. मोतीची आबाळ मात्र आम्हीच केली होती आणि तीही दयेच्या भरात केली होती. दयासुद्धा आंधळी होऊ शकते, हे मला त्या दिवशी कळले. नव्या दुःखाचा आक्रोश मोठा असतो, जुने दुःख मुकाट्याने सोसत असते. जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडेच धावणारी दया अर्धीच दया होय.

त्या दिवसापासून आमच्या घरी काही नियम झाले. नवे पिल्लू आले, की पहिले चौदा दिवस ते पडवीतल्या वेगळ्या खोलीत राहते. त्याची भांडी वेगळी, पोती वेगळी, आणि त्या खोलीत जाण्याच्या वहाणासुद्धा वेगळ्या. बाहेर येताना हात धुवावयाचे, फरशी ब्लीचच्या द्रावणाने पुसावयाची. सकाळी पहिली फेरी मोतीची. त्याचे पाणी, त्याचे खाणे, त्याचे औषध झाल्यावर मग पिल्लांकडे वळावयाचे. भिंतीवर एक वही टांगली आहे. तीत मोतीने किती पाणी प्यायले, काय खाल्ले, सलाईन केव्हा दिले, हे माझी धाकटी मुलगी रोज लिहिते. एका वेळी दोनांपेक्षा अधिक पिल्ले घ्यावयाची नाहीत. आणि मोतीची प्रकृती बिघडलेली असेल, तर एकही घ्यावयाचे नाही.

या शेवटच्या नियमाची कसोटी लवकरच लागली. गेल्या हिवाळ्यात मोतीला बरे नव्हते. चार दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नव्हते. अशा एका संध्याकाळी दोन तरुण खोक्यात तीन पिल्ले घेऊन दाराशी आले. "तुमच्याकडे ठेवून घेतात असे ऐकले," ते म्हणाले. मी नाही म्हटले. ते शब्द उच्चारताना मला किती जड गेले, हे माझे मला ठाऊक. पण त्यांना तसेच परत पाठविले नाही. खोक्यात जुनी चादर घातली. पिल्लांना गाईचे दूध पाजू नका, पोट बिघडेल, असे सांगून त्यांना काय भरवावे ते समजावून दिले. पलीकडच्या आळीत अशीच पिल्ले सांभाळणाऱ्या एका कुटुंबाकडे त्यांना घेऊन गेलो आणि लशींचा खर्च मी देईन असे कबूल केले. परत आलो तो मुलगी मोतीजवळ बसून रडत होती. तिने विचारले, "बाबा, आपण दुष्ट झालो का?"

मी तिला म्हटले, "नाही. आपण आपल्या ओंजळीचे माप ओळखले." ओंजळीत मावते त्याहून अधिक पाणी घ्यावयास गेले, तर नवे तर सांडतेच, शिवाय आधीचेही सांडते. आणि ज्याला आसरा देता येत नाही, त्याला दुसरे काही देताच येत नाही असे थोडेच आहे? एखाद्याला चादर देता येते, एखाद्याला वाट दाखविता येते, एखाद्यासाठी दहा घरी विचारपूस करता येते. 'नाही' म्हणून दार लावून घेणे वेगळे आणि 'नाही' म्हणून चार पावले सोबत जाणे वेगळे.

आता गणिताच्या गुरुजींच्या हिशेबाकडे वळू. एका म्हाताऱ्यावरचा खर्च दहा पिल्लांवर केला, तर दहा जीव वाचतील, हे त्यांचे म्हणणे कागदावर बिनचूक आहे. पण त्यात एक रक्कम मांडावयाची राहून गेली आहे. ही पिल्ले रस्त्यावर येतात कोठून? पुष्कळशी रस्त्यावरच जन्मतात, हे खरे. तथापि, रस्त्यावर भटकणाऱ्या कुत्र्यांत काही असेही असतात, ज्यांच्या गळ्यात पट्ट्याचा वळ अजून बुजलेला नसतो. ते कोणाच्या तरी घरी वाढलेले असतात. पिल्लू असताना ते गोजिरवाणे होते. पुढे म्हातारे झाले, आजारी पडले, सतरंजी ओली करू लागले आणि मालकाने एके दिवशी त्यांना दूरच्या रस्त्यावर नेऊन सोडले. म्हाताऱ्याला टाकून नव्याला जवळ करण्याची रीत एकदा रूढ झाली, म्हणजे प्रत्येक नवे पिल्लू पुढे म्हातारे होऊन त्याच रस्त्यावर यावयाचे. मग निराधारांची संख्या कमी कशी होणार?

आपला कायदाही हेच सांगतो. विख्यात नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेच्या सदस्य असताना त्यांनी मुक्या प्राण्यांच्या छळाविरुद्ध आवाज उठविला आणि विधेयक मांडले. पुढे १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. सबळ कारण नसताना, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे भारतीय संविधानाने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. पण कायद्याच्याही कितीतरी आधी महाभारतकारांनी हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि चारही भाऊ गळून पडले, आणि धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत राहिला तो एक कुत्रा. इंद्राने रथ आणला, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही म्हणून सांगितले. धर्मराजाने रथात पाऊल ठेवण्याचे नाकारले. तेव्हा इंद्राने त्याला कोंडीत पकडले: भावांना आणि पत्नीला सोडून आलास, मग या कुत्र्यालाच सोडण्यास का कचरतोस? धर्मराजाचे उत्तर मनन करण्याजोगे आहे. ते मरून पडल्यावर मी पुढे आलो, जिवंत असताना त्यांना टाकले नाही, असे तो म्हणाला. जिवंत आणि आश्रयाला आलेल्याला टाकावयाचे नाही, एवढीच त्याची मर्यादारेषा होती. तीच आमच्या घरालाही पुरेशी आहे.

बहिणीच्या मताविषयीही थोडे सांगितले पाहिजे. 'आधी घरचे बघ' हे तिचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु 'फक्त घरचेच बघ' हे मान्य नाही. मोती स्वतः गटाराच्या काठावरून आला. त्या संध्याकाळी मीही 'आधी घरचे' म्हणून पुढे गेलो असतो, तर आज तो घरचा झालाच नसता. जो दरवाजा त्याच्यासाठी उघडला, तो त्याच्याच नावाने कायमचा बंद करणे मला रुचत नाही. मोतीला बरे वाटत असते तेव्हा धडधाकट आणि लस टोचलेली पिल्ले दुपारी घटकाभर त्याच्याजवळ येतात. एखादे फार अंगचटीला आले, की तो हळूच गुरगुरतो आणि ते गुमान मागे सरते. खेळताना दात किती रोवावेत, थोरांची झोप कशी मोडू नये, हे माणसाला त्यांना शिकविता येत नाही, मोतीला येते. मात्र त्याला त्यांचा कंटाळा आला, की त्यांना लगेच उचलावयाचे, हा आमचा शिरस्ता. शिकविणे ही त्याची मर्जी आहे, चाकरी नव्हे.

शेवटी एक प्रसंग सांगतो. पिल्लू मागावयास लोक येतात, तेव्हा आम्ही त्यांना दोनचार प्रश्न विचारतो. घरात सर्वांची संमती आहे का, बाहेरगावी गेलात तर कोण बघेल, आणि हा म्हातारा झाल्यावर तुम्ही काय कराल? हा शेवटचा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला कोणी दिला? माझ्याच घरात म्हातारे कुत्रे कोरड्या भांड्यापाशी पडलेले असेल, तर मी कोणत्या तोंडाने तो विचारू? म्हणून हल्ली मी आलेल्यांना आधी मोतीजवळ नेतो. त्याचे धुरकट डोळे, कातडीखाली सलाईन सोडण्याची सुई, वाळत घातलेल्या सतरंज्या, सारे दाखवितो आणि म्हणतो, "तुम्ही जे पिल्लू नेऊ पाहता, ते दहाबारा वर्षांनी असे होणार आहे."

एकदा एक कुटुंब हे पाहून काही न बोलता निघून गेले. मला वाईट वाटले नाही. त्यांनी प्रामाणिकपणे आपल्या ओंजळीचे माप ओळखले होते. दुसऱ्या खेपेस एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. पिल्लांकडे न जाता त्या गुडघ्यांवर हात ठेवीत मोतीजवळ खाली बसल्या. त्याच्या आखडलेल्या पायांवरून त्यांनी कितीतरी वेळ हात फिरविला आणि नातवाला म्हणाल्या, "बघ, याचेही पाय माझ्यासारखेच दुखतात. आपल्या कुत्र्याचे असे दुखू लागले, म्हणजे तू असाच त्याच्याजवळ बसशील ना?" मुलाने मान हलविली. पुलाखालच्या त्या दोघांतले वाचलेले पिल्लू त्या दिवशी त्यांच्या घरी गेले.

पिल्लाला निरोप देताना मुलगी रडते आणि दुसऱ्या दिवशी हसते. मोतीलाही एक दिवस निरोप द्यावा लागणार आहे आणि तो दिवस आता फार दूर नाही, हे तिला ठाऊक आहे. त्याच्याविषयी ती माझ्याशी बोलते, आणि मीही काही लपवीत नाही. त्याचे हाल औषधाने थांबेनासे झाले, तर काय करावयाचे, हेही पशुवैद्यांशी बोलून ठेवले आहे. तोपर्यंत भिंतीवरची वही रोज भरली जाईल. आज तिच्यात लिहिले आहे: 'पाणी दोन भांडी. भात अर्धा खाल्ला. दुपारी उन्हात बसला.' त्याखालच्या ओळीत पडवीतल्या नव्या पिल्लाची नोंद आहे.